काठीनं आखलेली खोली

बसा.

सोप्यात, खाटेवर, गॅलरीतल्या खुर्चीत, जिथं जागा असेल तिथं. पाठ टेकली तरी चालेल.

बाहेर पाऊस आहे. कोल्हापुरात आषाढाचा पाऊस एकदा लागला की तो पडतोय हेच विसरायला होतं. आता मुद्दाम ऐका. पत्र्यावरचा ताडताड वेगळा. कौलावरचा मऊ. पन्हळीतून परड्यात पडणारी धार आणखी वेगळी.

तिन्ही वेगवेगळे ऐकू येऊ द्या.

घाई नाही.

एक श्वास आत. एक बाहेर.

समोर एक पडदा आहे. फोनचा असेल, नाहीतर टीव्हीचा. अजून काही लावू नका. पडदा काळा आहे. त्यात तुमचा चेहरा पुसट दिसतो, मागची खिडकी दिसते.

त्या काळ्याकडे पाहत राहा.

आपण जिच्याकडे निघालोय, त्या मालिकेत हा काळा रंग पुष्कळ आहे.

नाव ‘काउबॉय बीबॉप’. जपानी ॲनिमे. १९९८च्या एप्रिलमध्ये ती जपानी टीव्हीवर सुरू झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक भाग दाखवलेच गेले नाहीत. सगळे २६ भाग लोकांना दिसले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून पुढे, उपग्रह वाहिनीवर. दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे. संगीत योको कान्नो यांचं.

एवढं पुरे. आता त्या काळ्यात एक ठिपका पाहा.

ठिपका हळूहळू मोठा होतो. ते जहाज आहे. मुळात मासे धरायचं जहाज, आता ग्रहाग्रहांमधून हिंडणारं. बोजड. जुनं. कुठं ना कुठं दुरुस्तीला आलेलं.

त्याला चकचकीत समजू नका. गंजाचा वास येऊ द्या.

जयंत नारळीकर यांचा जन्म याच कोल्हापूरचा, १९३८ सालचा. आकाशाचं गणित मांडता मांडता त्यांनी मराठीत अंतराळाच्या कथा लिहिल्या. तेव्हा इथं बसून त्या अंधारात शिरायला संकोच वाटायचं कारण नाही.

शिरा.

साल २०७१. माणसं मंगळावर राहतात, गुरूच्या चंद्रांवर राहतात. पृथ्वीवर फार थोडी उरली आहेत. एका जुन्या अपघातात चंद्राचा मोठा लचका तुटला, आणि त्याचे दगड अजून पृथ्वीवर पडतात. रोज कुठं ना कुठं.

इतक्या पसरलेल्या जगात पोलीस पुरे पडत नाहीत. म्हणून गुन्हेगारांच्या डोक्यावर इनाम लागतं. जो धरून आणेल त्याला पैसे. या जहाजातली माणसं त्या इनामावर जगतात.

जगतात म्हणजे, जगायचं म्हणतात. इनाम बहुतेक वेळा हाताला लागत नाही.

आपण पाठलागाकडे नंतर बघू. खरं तर बघणारच नाही.

आधी स्वयंपाकघर.

पहिला भाग आहे. जेट कढईपुढं उभा आहे. मोठ्या अंगाचा, एकेकाळचा पोलीस. डावा हात धातूचा. तोच हात फावल्या वेळात कुंडीतल्या बोन्सायच्या फांद्या छाटतो. आत्ता तो ढोबळी मिरची परततोय.

वाफ पाहा. तेलाचा आवाज ऐका.

स्पाइक येतो. उंच, सडपातळ, खांदे पाडून चालणारा. ताटात बघतो. पदार्थाच्या नावात मांस आहे, ताटात नाही. तो विचारतो. जेट काहीतरी उत्तर देतो, ज्याचा अर्थ एवढाच की पैसे संपलेत.

कोल्हापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तांबडा-पांढरा रस्सा वाट्यांमागून वाट्या येतोय आणि मटणाचा तुकडा कुठंच नाही, असं ताट पुढं आलं तर पंगतीत काय होईल ते तुम्हीच मनात आणा.

स्पाइक भांडत नाही. खातो.

इथं थांबा.

दोन माणसं, एक कढई, बाहेर लाखो मैलांचा काळोख. गोष्ट पुढं सरकत नाही. कुणी कुणाला आपली कर्मकहाणी सांगत नाही. भूक आहे, आणि भुकेबद्दल फारसं बोलणं नाही.

ही मालिका पाहावी असं मला का वाटतं, ते या कढईपासून सुरू होतं. पिस्तुलं आहेत, विमानांच्या झटापटी आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. पण डोळा जिथं टिकून राहतो ती जागा दुसरी. धावपळ संपलेली असते, हात रिकामे असतात, आणि कॅमेरा लगेच निघून जात नाही.

तुम्हीही लगेच निघू नका.

पावसाकडे कान द्या. आहे अजून.

मधूनच संगीत वाजतं. ट्रम्पेट, ड्रम, कुठं एकटा सॅक्सोफोन. कान्नो यांनी कधी कधी मागितलेलं नसतानाही चाली करून पाठवल्या, आणि वातानाबे यांनी त्या ऐकून दृश्यं रचली. त्यामुळं काही ठिकाणी असं वाटतं की चित्र गाण्याच्या मागं मागं चाललंय.

आणि मग संगीत थांबतं.

ते थांबतं तिथं ऐका. पंखा असेल, दिव्याची गुणगुण असेल, जहाजाच्या पोटातली घरघर असेल. तुमच्या खोलीतलाही एखादा आवाज त्यात मिसळेल. फ्रिजचा. शेजारच्या कुकरचा.

मिसळू द्या.

जहाजात आणखी तिघं येतात. एड, तेरा वर्षांची पोरगी, हातपाय रबरासारखे टाकत चालणारी, संगणकात मुरलेली. आइन, एक कुत्रा. सगळ्यांत हुशार तोच आहे आणि ते कुणाला ठाऊक नाही. आणि फे.

फे व्हॅलेंटाइन. आपण तिच्यापाशी बसणार आहोत.

आधी तिच्याकडे नुसतं पाहा. भडक पिवळे कपडे. ओठात सिगारेट. पत्ते, जुगार, थापा. पैसे दिसले की पळणारी, संपले की परतणारी. पहिल्या काही भागांत तिचा राग येतो. येऊ द्या, तो राग काही वेळ जवळ ठेवा.

मग एक भाग येतो, पंधरावा, आणि कळतं की ती एका अपघातानंतर ५४ वर्षं गोठवून ठेवलेली होती. डोळे उघडले तेव्हा चेहरा तरुण, अंग तरुण, आणि मागचं काही म्हणता काही आठवत नाही. आईबाप नाहीत. गाव नाही. एक गोष्ट मात्र तिच्यासाठी ठेवलेली आहे.

कर्ज.

तिला जिवंत ठेवल्याचं बिल. सात जन्मांत फिटणार नाही एवढं.

श्वास घ्या.

कर्जानं माणसाचं घर जातं, हे कोल्हापूरनं फार लवकर पडद्यावर पाहिलं. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ १९२५चा. कथा नारायण हरी आपटे यांची. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरातल्या गिरणीकडे निघतो. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. त्या मूकपटातली एक चौकट पाहणाऱ्यांच्या आठवणीत राहिली: अंधारात बुडालेली एक झोपडी, आणि भुंकून आकांत करणारं एक कुत्रं.

मूकपटात कुत्र्याचा आवाज नसतो.

तरी ऐका.

झोपडी. अंधार. कुत्रं.

त्या चौकटीपासून फेच्या चौकटीपर्यंत फार चालावं लागत नाही.

आता चोविसावा भाग.

हळू चला. इथं बराच वेळ थांबायचं आहे.

फेच्या हाताला पूर्वी एक टेप लागलेली आहे. बीटामॅक्सची, आपल्याकडच्या व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातली. त्या टेपमध्ये एक शाळकरी मुलगी आहे. ती मोठेपणीच्या स्वतःला हाका मारते, नाचून, ओरडून प्रोत्साहन देते. फे पडद्यापुढं बसून ते पाहते. ती मुलगी आपण आहोत हे तिला दिसतंय, आणि आठवत नाहीये.

टेपमध्ये मागं एक कारंजं आहे. अर्धा सिंह, अर्धा मासा. सिंगापूरचं.

ती ते कारंजं शोधत पृथ्वीवर उतरते.

तिथं एक म्हातारी भेटते. चाकांच्या खुर्चीत. म्हातारी फेला बघते आणि ओळखते, कारण दोघी एका वर्गात होत्या.

दोन चेहरे. एक सुरकुतलेला, एक नाही. वय एकच.

पाहा. दोघींकडे आळीपाळीनं पाहा. घाईनं कणव आणू नका. नुसतं पाहा.

मग आठवणी परततात. सगळ्या एकदम. कुठला रस्ता, कुठला चढ, कुठलं फाटक. फे चढ पळत जाते. पायांना वाट माहीत आहे. पळता पळता तिच्यात ती शाळकरी मुलगी मिसळते, दोघी एकाच चढावर पळतायत.

पळा तिच्याबरोबर. दम लागू द्या.

वर पोचलात.

घर नाही.

पडझड आहे. दगड आहेत. मोकळी जमीन आहे.

थांबा.

इथं आवाज मोठा होत नाही. ती हंबरडा फोडत नाही. ती एक काठी घेते.

काठीचं टोक जमिनीला लावते.

आणि ओढायला लागते.

त्या टोकाकडं पाहा. फक्त टोकाकडं. माती दुभंगते, दोन्ही बाजूंना जरा जरा वर येते. खाली ओलसर रंग दिसतो. मधे एखादा खडा लागतो, काठी उडी मारते, पुन्हा चालू लागते.

एक बाजू.

कोपरा.

दुसरी बाजू.

तुमचा हात मांडीवर असेल. एक बोट हळूच पुढं न्या. मांडीवरच ओढा. कुणाला दिसणार नाही.

कोपरा.

तिसरी.

कोपरा.

चौथी बाजू येऊन पहिलीला भेटते.

चौकोन झाला. एका माणसाच्या लांबीचा.

इथं तिचं अंथरूण होतं.

ती चौकोनात आडवी होते. पाठ मातीला. डोळे वर.

छप्पर जिथं असायचं तिथं आता आकाश आहे.

राहा तिच्याबरोबर. काही करायचं नाही. काही समजून घ्यायचं नाही. तुमची पाठ खुर्चीला टेकलेली आहे, तिची जमिनीला. पाठीला काय लागतंय ते बघा. कापूस, लाकूड, वेत, फरशी.

श्वास येतो. जातो.

पाऊस पडतोय.

तुमचंही एखादं अंथरूण असेल, जे आता तिथं नाही. आजोळचं, विकलेल्या वाड्यातलं, भाड्याच्या पहिल्या खोलीतलं. आठवायचा प्रयत्न करू नका. उशी कुठल्या भिंतीकडं होती, एवढंच विचारा. पाय दाराकडं होते का?

उत्तर आलं तर येऊ द्या. नाही आलं तर चौकोन तसाच राहू द्या.

ही सगळी मालिका मुळात रेघांचीच आहे, हे इथं जाणवतं. १९९८ सालची ती, हातानं केलेली. चित्रकार कागदावर फे काढतो. ती रेघ पारदर्शक तावावर उतरते. मागच्या बाजूनं रंग भरतात. खालचा रस्ता, दगड, आकाश वेगळे रंगवलेले असतात, त्यावर तो ताव ठेवायचा आणि छायाचित्र घ्यायचं. मग पुढचं चित्र. मग पुढचं.

म्हणजे कुणीतरी एका टेबलावर वाकून, रेघ ओढणाऱ्या बाईची रेघ ओढत होतं.

कोल्हापूरला वाकलेल्या पाठी परक्या नाहीत. बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव, दोघंही आधी चित्रकार. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. ताणलेल्या कापडावर राजवाडा, अरण्य, नदी, आणि वर भरपूर आकाश. पुढं बाबूरावांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला, ‘सैरंध्री’ १९२०मध्ये पडद्यावर आला, आणि लोक त्यांना पेंटर म्हणूनच ओळखत राहिले. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ त्याच दिवसांची आठवण धरून उभा आहे. रोज त्याला वळसा घालून किती गाड्या जातात. एकदा पावसात, थांबून, मान वर करून बघायला हरकत नाही.

रंगवलेल्या कापडासमोर बसून त्यात शिरणं या गावाला जमतं. ॲनिमे म्हणजे पोरांचं काहीतरी, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मी त्यांना चोविसावा भाग लावून देतो आणि चहा टाकायला जातो.

परत चौकोनाकडं.

अजून तिथंच आहे ती.

आता दुसरी एक रेघ दाखवतो. ती पडद्यावर नाही.

पंचगंगेकडं चला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि डोळ्यांना न दिसणारी सरस्वती. प्रयाग चिखलीला पाणी एकत्र येतं आणि खाली घाटाकडं सरकतं. पावसाळ्यात या गावाला दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट म्हणजे इशारा. ४३ म्हणजे धोका. सकाळी दूध आणायला गेलेला माणूस दुधाच्या आधी ते विचारतो.

१९८९. २००५. २०१९. २०२१.

पुराची ही सालं वाचताना ज्यांच्या पोटात कालवलं, त्यांनी इथं एक श्वास जास्त घ्या.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती होत्या, सणाला महिनाही उरला नव्हता, आणि पाणी आत आलं.

पाणी चढतं तेव्हा सगळं गाव बघतं. फोन वर निघतात, होड्या येतात, बातम्या येतात.

पाणी उतरतं तेव्हाचं बघा.

दार ढकलायला लागतं, कारण आत चिखल बसलाय. एक बाई उंबऱ्यापाशी उभी राहते. साडीचा काठ जरा वर धरलेला. वास येतो, तो ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

भिंतीवर एक रेघ आहे.

सरळ. कुणी पट्टी धरून मारल्यासारखी. तिच्या वर भिंतीचा रंग, तिच्या खाली मातीचा.

रेघ स्विचबोर्डावरून जाते. देवाच्या फळीवरून जाते. कॅलेंडरच्या मधून जाते.

बघा. डावीकडून उजवीकडं, सावकाश.

ती बाई आत येते. हात हवेत फिरतो. इथं कपाट होतं. इथं शिलाई मशीन. इथं पोराची वह्या-पुस्तकं, वरच्या खणात ठेवलेली, वर म्हणून. ती कुणाला सांगत नाही. जागेलाच सांगते.

फेची काठी आणि हा हात.

दोन्ही नजरेसमोर ठेवा. तुलना करायची नाही. एक चितारलेलं आहे आणि एक खरं आहे, आणि खऱ्याचं दुःख चितारलेल्याच्या पंगतीला बसवायचं माझ्या मनात नाही. मला एवढंच दिसतं की हाताला दोन्हीकडं एकच गोष्ट सुचली. जागा आखायची. जे होतं ते जिथं होतं तिथं दाखवायचं.

काही घरांत ती रेघ रंगाखाली गेली. काही घरांत ठेवली आहे, शेजारी खडूनं नाहीतर रंगानं तारीख. ठेवणाऱ्यांना कारण विचारू नये, असं मला वाटतं.

श्वास.

पाटबंधारे खात्याच्या नकाशावरही रेघा असतात. निळी पूररेषा, लाल पूररेषा. कुठवर बांधायचं, कुठं नाही. त्यावर या गावात खूप भांडण होतं आणि होत राहील. तो विषय आजचा नाही, पण चोविसाव्या भागात एक माणूस नकाशे काढत फिरतो म्हणून आठवण झाली. एडचा बाप. चंद्राचे दगड रोज पृथ्वीवर पडतात, रोज नवा खड्डा होतो, रोज नकाशा खोटा ठरतो. तो दगड पडेल तिकडं गाडी पळवतो आणि नवा खड्डा नोंदवतो. या नादात त्यानं पोरीला कुठंतरी पाळणाघरासारख्या ठिकाणी ठेवलं आणि विसरला.

हसू येतं. येऊ द्या.

मग ते हसू थोडं थांबतं.

आता पुन्हा जहाजात.

इकडं स्पाइक आणि जेट आहेत. एड गेली आहे, बापाच्या मागं. आइनही तिच्याबरोबर गेला आहे. जाताना तिनं जहाजाच्या डेकवर रंगानं एक मोठा हसरा चेहरा काढून ठेवला आहे. एका भागात दोन चित्रं: एक मातीत, एक पत्र्यावर.

जेटनं अंडी उकडली आहेत. सगळ्यांसाठी. भरपूर.

दोघं समोरासमोर बसतात.

एक अंडं उचलतात. खातात.

दुसरं.

बोलत नाहीत.

तिसरं. तोंडात पहिलं असतानाच. चावणं जोरात, गिळणं जोरात. जे इथं बसायला हवे होते त्यांच्या वाटची अंडी पुढ्यात आहेत आणि दोघांनाही ती उरलेली बघायची नाहीत.

गाणं वाजतंय. ते गाणं या मालिकेतल्या सगळ्या गाण्यांत मला जवळचं.

अंड्यांकडं पाहा. पांढरी, गुळगुळीत. टरफलं बाजूला साठतायत.

पहिल्या भागात ताटात मांस नव्हतं आणि ते निवांत होते. आज ताट भरलेलं आहे.

राहा.

काही सांगायचं नाही. मीही सांगत नाही.

दोघंही रडत नाहीत. जेट पोलीस होता तेव्हापासून त्याची सवय न रडण्याची आहे. स्पाइकचा एक डोळा तर खोटाच आहे. पण ज्यानं घरातलं माणूस स्टेशनवर सोडून येऊन, गार झालेलं जेवण उभ्या उभ्या संपवलंय, त्याला त्या चावण्याचा आवाज कळतो. एसटी स्टँडवरून परतणारी कितीतरी घरं या गावात आहेत. पोरगं पुण्याला, पोरगी बेंगळुरूला.

घास घशाखाली उतरतो, तिथं लक्ष न्या. गळा. छाती. पोट.

तुमच्या गळ्यात आत्ता काही आहे का? असेल तर असू द्या.

पाऊस किती झालाय? जरा ऐका. पन्हळीची धार बारीक झाली असेल. किंवा वाढली असेल.

एक श्वास आत.

एक बाहेर.

आता हवं तर डोळे उघडा, मिटले असतील तर. मांडीवर बोट होतं, ते उचला. हात चोळा.

पडद्याला हात लावायच्या आधी थोडं कामाचं बोलू, कारण बसलेल्या माणसानं उठून नक्की काय करायचं हेही सांगायला हवं.

मालिका पहिल्या भागापासून पाहा. थेट चोविसाव्यावर जाऊ नका. वर मी लोकांना तो लावून देतो म्हणालो, ते हट्टी लोकांसाठीचं औषध आहे. तुम्ही इथवर आलात म्हणजे तुमचं तसं नाही. रोज एक भाग, पंचवीस मिनिटांच्या आतबाहेर. जेवणं झाल्यावर, भांडी विसळून झाल्यावर. फोन पुढचा भाग आपोआप सुरू करतो, ती सोय आधी बंद करा. नावांची पाटी चालू असताना माई यामाने यांचं गाणं असतं, ते पूर्ण होऊ द्यायचं आणि मगच दिवा लावायचा.

पाचव्या भागात एक प्रार्थनाघर आहे, रंगीत काचांचं, आणि तिथून एक माणूस खाली पडतो. तो भाग झाला की एक दिवस सोडा. अकरावा विनोदी आहे. फ्रिज साफ करायचं मनावर घ्याल. अठराव्यात ती टेप आहे.

२०२१मध्ये हीच मालिका खऱ्या नटांना घेऊन केली गेली आणि एका पर्वात गुंडाळली गेली. तिथं माणसं सारखी बोलतात. मी दोन्ही एकत्र मोजत नाही.

जपानी आवाज ऐकायचे की इंग्रजी, यावर पाहणाऱ्यांचे दोन तट आहेत आणि दोघंही हट्टाला पेटलेले. मी जपानीकडं आहे. भाषा कळत नसली की मधली शांतता जास्त ऐकू येते. पण खालच्या अक्षरांनी डोळे दमत असतील तर खुशाल इंग्रजी लावा. अंडी खाताना दोन्हीकडं सारखंच आहे.

फे त्या चौकोनातून उठून कुठं जाते, ते शेवटच्या दोन भागांत आहे. ते मी सांगणार नाही. ते दोन एकाच गोष्टीचे तुकडे आहेत, म्हणून रोज एकचा नियम तिथं मोडा, आणि दुसऱ्या दिवशी रविवार असेल असं बघा.